टेली मानस १४४१६ : आठवीत एकट्या पडलेल्या लेकीसाठी केलेला फोन

हा रिव्ह्यू सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा आहे, आणि पाचवीला किंवा आठवीला ज्यांच्या मुलांची शाळा बदललीय त्यांनी तरी नक्की वाचा, कारण हा नंबर आपल्या घरात लागेल असं आपल्याला वाटतच नाही.

आमची लेक पंचवटीतल्या शाळेत होती, तिथे सातवीच्या पुढे वर्गच नाहीत, त्यामुळे आठवीला गोदावरीच्या पलीकडचं मोठं हायस्कूल. मैत्रिणींच्या ग्रुपमधली एक ओझरला गेली, एक नाशिकरोडला आजीकडे, आणि तिसरी हिच्याच हायस्कूलला पण वेगळ्या तुकडीत, आणि खरं दुखणं तेच होतं, कारण ती नव्या मुलींबरोबर डबा खायची आणि हिला बघून लांबूनच हात करायची. सोमवार आला की पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या होईल सवय, मुली आहेत, आज भांडतात उद्या गळ्यात पडतात. अहो पण भांडण झालेलंच नाही ना, झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं!

मग १४४१६ लावला. पैसे लागत नाहीत, २४ तास चालू असतो, आधी भाषा निवडायची आणि मग समुपदेशक बोलतात. बाई आधी माझ्याशी बोलल्या, मग म्हणाल्या, "ताई, तिची तयारी असेल तरच फोन द्या, आणि तुम्ही जरा बाहेर थांबा." मला हे फार पटलं. आपल्याकडे मुलांचं दुखणं मुलांच्या तोंडून ऐकतं कोण, आईच सगळं सांगते आणि पोरगं शेजारी मान खाली घालून बसतं.

नंतर लेकीनेच सांगितलं. बाई एकदाही "नवीन मैत्रिणी कर" म्हणाल्या नाहीत. डब्याच्या सुट्टीत कुठे बसतेस, येताजाता बसमध्ये कोण असतं, जुन्या ग्रुपमध्ये तू काय करायचीस असं विचारत गेल्या. ही म्हणाली रांगोळीचे ठिपके सगळ्यांना मीच काढून द्यायचे. तर म्हणाल्या, चित्रकलेच्या मॅडमना विचार, फलक सजवायला कोणी हवंय का. आणि त्या तिसरीबद्दल जे बोलल्या ते मला कधी सुचलं नसतं, की तीसुद्धा नवीनच आहे, डब्याच्या वेळी ती स्वतःची जागा धरून बसलीय, तेव्हा तिथे जाऊन पूर्वीची मैत्री मागू नकोस, फक्त घरी जाताना एकत्र येतेस का एवढंच विचार.

आता सिटीलिंकच्या सिटी बसने निमाणी स्टँडपर्यंत दोघी एकत्र येतात. पूर्वीसारखं नाही झालेलं, होईल असं मला वाटतही नाही, लेक अजून कधीकधी रात्री रडते. पण फलकावर काम करणाऱ्या दोन मुली तिला नावाने हाक मारतात आणि सोमवारचं पोटदुखणं कमी झालंय. माझ्याकडून पाचपैकी पाच.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे तिचं मुख्य काम आहे, म्हणजे कोणीतरी उगाच उपदेश करायला बसवलेलं नाही. खूप मोठं काही झालं तरच फोन करायचा असं अजिबात नाही, झोप उडालीय, जेवण तुटलंय, शाळेचं नाव काढलं की तोंड उतरतं, एवढं पुरे. मात्र शाळेत कोणी मारत असेल, छळत असेल तर १०९८, ती मुलांसाठीचीच हेल्पलाइन आहे. आणि फोन मुलाला सांगून करा हो, चोरून केलात आणि त्याला कळलं तर पुढचं तो तुम्हालाही सांगणार नाही.