चीट कोड की डीबग कन्सोल : एकट्याने खेळताना काय वापरावे?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये गाडे एखाद्या मिशनवर रुतून बसले, किंवा आठवड्याला जेमतेम तीन तास खेळायला मिळत असताना त्यांतले दोन तास पैसे आणि गोळ्या जमवण्यातच जाऊ लागले, की आडवाट घ्यावी का, हा विचार मनात येतोच. आडवाट घेणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालायचा नाही. गेम तुमचा, वेळ तुमचा आणि समोर हरणारा दुसरा कोणी नाही, एवढे गृहीत धरले आहे. प्रश्न एवढाच, की समोर असलेल्या दोन आडवाटांपैकी कोणती धरावी. एक वाट चीट कोडची, म्हणजे ठरावीक अक्षरे किंवा बटणे दाबून गेमकडून सवलत मिळवण्याची, आणि दुसरी डीबग कन्सोलची. कन्सोल म्हणजे येथे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स नव्हे, तर गेम चालू असताना पडद्यावर उघडणारी, आज्ञा टाइप करण्याची पट्टी, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. या एका शब्दामुळे बराच गोंधळ होतो. तुलनेसाठी मी मुख्यतः दोन गेम घेतले आहेत : कोडसाठी ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आणि कन्सोलसाठी ‘स्कायरिम’.

उगम पाहिला तर दोन्ही एकाच घरातली भावंडे आहेत. 1986 साली ‘ग्रेडियस’ हा गेम निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी तयार होत असताना काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे आणि त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जाई. म्हणून त्यांनी सगळी शस्त्रे एकदम देणारा बटणांचा क्रम आत घालून ठेवला. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए हा तो क्रम गेम विक्रीला गेला तरी आतच राहिला आणि पुढे ‘कोनामी कोड’ म्हणून गाजला. 1996 च्या ‘क्वेक’मध्ये टिल्डची (~ या चिन्हाची) कळ दाबून कन्सोल उघडता येई, आणि पीसीवरच्या कित्येक गेमनी तीच कळ पुढे चालवली. दोन्ही वस्तू कारागिरांच्याच आहेत. मात्र कोडला पुढे रंगरंगोटी करून दुकानात मांडले गेले आणि कन्सोल कारखान्यात होता तसाच राहिला. वापरताना जाणवणारे बहुतेक फरक येथूनच निघतात.

आधी कोड पाहू. आमच्या शाळकरी वयात सायबर कॅफेत ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हे कोड उतरवलेले असत, आणि गणिताची सूत्रे ज्यांना परीक्षेपुरतीही पाठ होत नसत त्यांना ‘हेसोयाम’, ‘बागुविक्स’ आणि ‘एझाकमी’ झोपेतून उठवले तरी सांगता येत. सॅन अँड्रियासच्या पीसी आवृत्तीत कोड टाकण्यासाठी कोणतीही पट्टी उघडत नाही. खेळता खेळताच अक्षरे दाबायची असतात आणि ती पडद्यावर दिसतही नाहीत. त्यामुळे गाडी चालवताना ‘हेसोयाम’ टाइप केले, की त्यातल्या ‘एस’ला गाडीचा ब्रेक लागतो, ‘ए’ला ती डावीकडे झुकते आणि मग कोपऱ्यात कोड चालू झाल्याची सूचना येते : तब्येत पूर्ण, चिलखत पूर्ण, खिशात अडीच लाख डॉलर आणि ठोकलेली गाडी दुरुस्त. हे शब्द इतके निरर्थक का, याचेही एक रंजक कारण आहे. पीसी आवृत्तीने कोडचे शब्द साठवलेलेच नाहीत. प्रत्येक शब्दावरून गणिताने काढलेला एक आकडा तेवढा साठवला आहे. तोच आकडा देणारा कोणताही शब्द चालतो, म्हणून ‘हेसोयाम’चे काम ‘आय नीड सम हेल्प’ ही अक्षरे सलग टाइप करूनही होते.

कोडचे वैशिष्ट्य असे, की त्याची मात्रा ठरलेली असते. अडीच लाख म्हणजे अडीच लाखच. तुम्हाला फक्त एका बंदुकीपुरते पैसे हवे होते, हे तो विचारत नाही. ज्याला एखादी संध्याकाळ धुडगूस घालायचा आहे, त्याला हे सोयीचेच आहे. परंतु ज्याला कथानक शेवटपर्यंत न्यायचे आहे आणि एक अडचण तेवढी दूर करायची आहे, त्याच्या बाबतीत पहिल्याच दिवशी पैशाची किंमत संपते आणि पुढची निम्मी मिशने कशासाठी करायची, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सॅन अँड्रियासमध्ये रस्त्यावरच्या लोकांचे वागणे बदलणारे काही कोड आहेत, उदाहरणार्थ गावभर दंगल पेटवणारा. असा कोड चालू असताना गेम सेव्ह केला, तर त्याचा परिणाम त्या सेव्हमध्ये कायमचा मुरतो. पुढे लास व्हेंचुरासमध्ये एक मिशन येते, ज्यात मॅड डॉग हा दारूच्या नशेतला रॅपर इमारतीच्या छपरावर उभा असतो आणि तो उडी मारण्यापूर्वी खोक्यांनी भरलेला ट्रक आणून खाली उभा करायचा असतो. दंगलीचा परिणाम सेव्हमध्ये असेल तर मॅड डॉग वाट पाहत नाही, लगेच उडी मारतो आणि मिशन पार पडणे अशक्य होते. कोड टाकला त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही. बिल येते ते कित्येक तासांनी, आणि तोवर जुनी सेव्ह फाइल बहुधा पुसलेली असते. चीट चालू असताना सेव्ह करू नये, असा इशारा गेम स्वतः देतो, पण तो वाचण्याचे वय तेव्हा आमचे नव्हते.

आता कन्सोल. 11 नोव्हेंबर 2011 रोजी आलेल्या स्कायरिमच्या पीसी आवृत्तीत एस्केपच्या खालची, एकच्या डावीकडची कळ दाबली, की खेळ थांबतो आणि पडद्याच्या खालच्या भागात रिकामी ओळ येते. (ब्रिटिश किंवा युरोपीय मांडणीच्या कीबोर्डवर त्या जागी दुसरे चिन्ह असते, तेव्हा परदेशी असलेल्यांनी चिन्ह शोधण्यापेक्षा जागा लक्षात ठेवावी.) आज्ञा दिसायला रुक्ष आहेत. ‘टीजीएम’ने इजा होणे थांबते आणि ओझ्याची मर्यादाही उठते. दोन खडकांच्या फटीत पाय अडकला, तर ‘टीसीएल’ लिहून भिंतींतून आरपार जाता येते आणि बाहेर पडल्यावर तेच पुन्हा लिहिले, की जग पूर्ववत घट्ट होते. कुलूप उघडण्याच्या पिना संपल्या, तर ‘प्लेअर डॉट अ‍ॅडआयटम’नंतर पिनेचा क्रमांक म्हणजे ‘ए’ हे अक्षर आणि मग हवी ती संख्या लिहायची : पाच हव्यात तर पाच, पन्नास हव्यात तर पन्नास. याहून बारकाईने काम करायचे असेल, तर कन्सोल उघडा ठेवून समोरच्या पेटीवर क्लिक करावे. तिचा ओळखक्रमांक पडद्यावर येतो आणि ‘अनलॉक’ लिहिले की तेवढीच पेटी उघडते.

ही वस्तू मूळची कोणाची, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘सीओसी क्यूएस्मोक’ लिहून पाहावे. तुम्ही एका बंदिस्त दालनात जाऊन पडता, जिथे गेममधली जवळपास प्रत्येक वस्तू पेट्यांमध्ये कोंबून ठेवलेली असते. ही तपासनिसांची खोली. गावांना आहे तशी तिला कसलीही सजावट नाही, आणि भरगच्च पेटी उघडताना गेम काही क्षण गोठतो. मला स्वतःला संपूर्ण स्कायरिममध्ये आवडलेल्या जागांपैकी ही एक आहे. नाटक संपल्यावर विंगेत डोकावल्यासारखे वाटते.

कन्सोलची खरी किंमत मात्र वस्तू मिळवण्यात नाही, दुरुस्तीत आहे. विंडहेल्म शहरातल्या खुनांच्या तपासाची ‘ब्लड ऑन द आइस’ ही मोहीम मध्येच अडकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे : ज्याच्याशी बोलायचे तो माणूस बोलत नाही, किंवा पुढची घटना घडतच नाही. अशा वेळी प्लेस्टेशनवरच्या खेळाडूला जुनी सेव्ह उघडून नशीब अजमावण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. पीसीवर ‘गेटस्टेज’ने मोहीम नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबली आहे हे विचारता येते आणि ‘सेटस्टेज’ने तिला पुढच्या टप्प्यावर ढकलता येते. असे काम कोणताही चीट कोड करू शकत नाही, कारण कोड बनवणाऱ्याने तुमची अडचण आधी कल्पिलेली असावी लागते.

मात्र दुरुस्तीचे हेच हत्यार उलटेही फिरते. एखादी मोहीम पुढे ढकलली, की मधल्या टप्प्यांवर जे घडायचे होते, म्हणजे कोणी दार उघडायचे, कोणी मरायचे, कोणी किल्ली द्यायची, ते घडलेले असेलच असे नाही, आणि त्यावर अवलंबून असलेले पुढचे धागे लोंबकळत राहतात. ‘सीएक्यूएस’ ही आज्ञा तर गेममधल्या सगळ्याच मोहिमांचे सर्व टप्पे एकदम पूर्ण करते. ती लिहिल्यावर त्या सेव्हमध्ये खेळण्यासारखे काही उरत नाही. ‘तुमची खात्री आहे का?’ असे कन्सोल कधीच विचारत नाही, कारण ज्याच्यासाठी तो बनवला होता त्याला हे विचारण्याची गरज नव्हती.

यंत्राचा विचार केला तर निवड पुष्कळदा आपोआप होते. सॅन अँड्रियासचे कोड प्लेस्टेशनवरही बटणांच्या क्रमाने चालतात. स्कायरिमचा कन्सोल केवळ पीसीवर आहे. ज्यांना अचीव्हमेंटची, म्हणजे ठरावीक कामगिरीबद्दल गेम देतो त्या बिल्ल्यांची, हौस आहे, त्यांनी प्रत्येक गेमचे नियम वेगळे तपासावेत. 2023 च्या ‘स्टारफील्ड’मध्ये कन्सोल वापरला की त्या सेव्हवर अचीव्हमेंट मिळणे बंद होते, आणि ‘जीटीए 5’मध्ये कोड वापरल्यास त्या बैठकीपुरते बंद होते. त्याच गेममध्ये पैशाचा कोड मुळी दिलेलाच नाही, ही गोष्ट हेसोयामवर वाढलेल्या पिढीने आधीच माहीत करून घ्यावी.

मुलांसाठी निर्णय घेणाऱ्या पालकांपुढे बहुधा ‘माइनक्राफ्ट’ असते आणि तिथे ही सीमारेषा पुसट होते, कारण तिथला कन्सोल म्हणजे गप्पांचीच पट्टी आणि परवानगी म्हणजे जग तयार करतानाचे एक बटण. मोबाइलवर जी बेडरॉक आवृत्ती असते, तिच्यात चीट एकदा चालू केले की त्या जगात अचीव्हमेंट कायमची बंद होतात. नंतर चीट बंद केले तरी ती परत येत नाहीत. जावा आवृत्तीत अशी अडचण नाही. मुलाने आठवडाभर खपून बांधलेले घर ज्या जगात आहे, तिथे हे बटण दाबण्याऐवजी त्या जगाची प्रत काढून तिच्यात दाबावे.

ऑनलाइन सामन्यांत यांतले काहीच लागू पडत नाही. तिथे जे विकले जाते ते हॅक असते. त्याने खाते बंद होते आणि अनोळखी फाइल संगणकात शिरते ती वेगळीच.

माझा कल कन्सोलकडे आहे, पण अडकलेले काम सोडवण्यापुरता. तिथे मात्रा माझ्या हाती असते, आणि सात पिना घेऊन मी थांबू शकतो. ज्याला थांबता येत नाही असे स्वतःबद्दल ठाऊक असेल, त्याने कोडच बरे, कारण कोडची यादी संपते, कन्सोलची संपत नाही. दोन्हींत धोका सेव्ह फाइललाच असतो, आणि तेवढ्यासाठी स्कायरिमच्या कन्सोलमध्ये एक साधी आज्ञा आहे : ‘सेव्ह’ लिहून पुढे नाव द्यायचे. मी ‘सेटस्टेज’ला हात लावण्यापूर्वी ‘आधीचे’ या अर्थाचे नाव रोमन अक्षरांत देऊन ठेवतो. सध्या माझ्याकडे अशा अकरा फाइल आहेत आणि त्यांतल्या दोनच आजवर उघडाव्या लागल्या.