डोमेन लॉगिन: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, ऑफिस आणि शॉपफ्लोअर धरून ३८ पीसी. आठ महिन्यांपूर्वी सगळे विंडोज सर्व्हरच्या डोमेनवर घेतले, म्हणजे ज्याचं त्याचं युजरनेम, एकच पासवर्ड, कुठल्याही पीसीवर बसा. आयटीला मी एकटाच, त्यामुळं सकाळी "लॉगिन होईना" हा पहिला फोन मलाच.

सुरुवातीला फोन आला की मी सरळ पासवर्ड रिसेट करायचो. हे करू नका, कळकळीनं सांगतोय. आमच्या डिस्पॅचच्या काकांचं अकाउंट रोज लॉक व्हायचं, पाच वेळा चुकलं की लॉक असं सेटिंग आहे, मी अनलॉक करून जिना उतरेपर्यंत परत लॉक. काका माझ्यासमोर एकेक अक्षर बोटानं शोधून टाईप करायचे, "आरं बाळा, बरोबरच टाकतोय की मी." आणि ते खरंच बरोबर टाकत होते.

तिसऱ्या दिवशी डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी बघायचं टूल, उघडला, सिक्युरिटी लॉगला इव्हेंट नंबर ४७४० चा फिल्टर लावला. अकाउंट लॉक झालं की हा इव्हेंट पडतो आणि त्यात कॉलर कॉम्प्युटर नेम, म्हणजे चुकीचा पासवर्ड कुठल्या पीसीवरनं आला त्याचं नाव असतं. तिथं काकांचा पीसी नव्हताच, नाव होतं गेटवरच्या वजनकाट्याच्या पीसीचं! काकांनी कधीतरी तिथं चलनांचा शेअर ड्राइव्ह जोडताना पासवर्ड सेव्ह केलेला, पुढं पासवर्ड बदलला पण काट्यावरचा पीसी जुनाच पाठवत बसला. क्रेडेन्शियल मॅनेजरमधनं (विंडोज सेव्ह केलेले पासवर्ड ठेवतं ती जागा) ती नोंद काढली, ड्राइव्ह नव्यानं जोडला, त्या दिवसापासून एकदाही लॉक नाही. मी जेवढे रिसेट मारले त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता.

दुसरी केस स्टोअरमधली. जुने लोक लॉगिन होत होते, नव्या ट्रेनी पोरीलाच "लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही" असा मेसेज, सगळे म्हणाले तिचं अकाउंटच नीट बनलं नाही. अकाउंट ठणठणीत होतं. कुणीतरी नेट स्लो आहे म्हणून त्या पीसीचा डीएनएस (नावावरनं सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) हातानं ८.८.८.८, म्हणजे गुगलचा, करून ठेवलेला, आणि डोमेन कंट्रोलर कुठं आहे ते पीसी डीएनएसलाच विचारतो, गुगलच्या डीएनएसला आमच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता कुठनं माहीत असणार. मग जुन्यांचं कसं चालत होतं? विंडोज मुळात शेवटच्या १० जणांचं लॉगिन त्या पीसीवरच जपून ठेवतं, त्यावर ते आत जात होते. डीएनएस परत आमच्या सर्व्हरचा केला, लगेच चालू.

घड्याळावर पण लक्ष ठेवा. सर्व्हर आणि पीसीच्या वेळेत केर्बेरॉसला (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, आमच्या पॅटर्न शॉपच्या जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख मागं जाते आणि लॉगिन अडतं. सीआर२०३२ चे दोन सेल ड्रॉवरमध्ये असू द्या. आणि ट्रस्ट रिलेशनशिपचा एरर आला, म्हणजे पीसी आणि डोमेनची ओळख तुटली, तर पीसी डोमेनमधनं काढून परत घालायची घाई नको, लोकल ॲडमिननं (त्या पीसीवरचंच ॲडमिन अकाउंट) आत जाऊन पॉवरशेलची टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल रिपेअरसकट चालवून बघा, आमचं दोनदा त्यावरच भागलं. लोकल ॲडमिनचा पासवर्ड मात्र हाताशी पाहिजे.

एवढं होऊनही डोमेन मला परत काढायचं नाही, माणूस नोकरी सोडून गेला की एका जागी अकाउंट बंद होतं हेच मोठं काम आहे. फक्त आमच्याकडं डोमेन कंट्रोलर एकच आहे, पावसाळ्यात त्याचा पॉवर सप्लाय गेला तेव्हा लोक लॉगिन झाले पण शेअर फोल्डर अर्धा दिवस बंद, गाड्या गेटवर चलनासाठी थांबल्या. दुसऱ्या सर्व्हरचं कोटेशन मालकांकडं दिलंय, दिवाळीआधी बसवायचाय.