शिकिना-एन, नाहा: समुद्र लपवणारी बाग

राजशिष्टाचार विभागात ३१ वर्षं काढली. पाहुण्याला काय दाखवायचं यापेक्षा काय दिसू द्यायचं नाही, यातच निम्मी नोकरी गेली. म्हणून ओकिनावात मुलगी-जावई समुद्रात डुंबत असताना मी बस पकडून शिकिना-एनला गेलो. पहिल्या खेपेला निघाला बुधवार, आणि बुधवारी बाग बंद. आधी बघितलं नाही, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी ४०० येनचं तिकीट काढून आत.

१७९९ सालची ही ऱ्युक्यूच्या, म्हणजे ओकिनावातल्या जुन्या राज्याच्या, राजांची बाग. नव्या राजासाठी चीनच्या बादशहाचे दूत राजपदाची वस्त्रं घेऊन येत, त्यांची सरबराई इथे व्हायची. जहाजं यायची उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यावर, मग उलटा वारा सुटेपर्यंत मुक्काम. शेकडो माणसं, कित्येक महिने! आमच्याकडे चौघांचं शिष्टमंडळ दीड दिवस राहिलं तरी गाड्यांवरून भांडणं. त्यात १६०९ पासून राज्यावर सात्सुमा या दक्षिण जपानातल्या संस्थानाचा वचक, तो चिन्यांना कळू द्यायचा नाही. दूत असेपर्यंत सात्सुमाचे अधिकारी शहराबाहेर खेड्यात जाऊन राहायचे. ही कसरत करणाऱ्या दरबाऱ्यांचा हुद्दा पागोट्याच्या रंगावरून कळे: बड्या सरदारांचं जांभळं, पेचिनांचं, म्हणजे मधल्या अधिकाऱ्यांचं, पिवळं, त्याखालच्यांचं लाल. मी असतो तर पिवळ्यातच निवृत्त झालो असतो.

तळं, कमानीचे दगडी पूल, षटकोनी मंडप, सगळं देखणं. लाल कौलांच्या वाड्यात अनवाणी जावं लागतं, तेव्हा नाडीचे बूट टाळा. १९४५च्या लढाईत हे सगळं बेचिराख झालं होतं, आता दिसतं ते पुन्हा उभारलेलं. दिवाणखान्यात बसून तळ्याकडे बघताना ते ध्यानातही येत नाही.

पण पैसे वसूल होतात ते कानकोदाईवर. उंचावरचा हा सज्जा. बेट एवढं चिंचोळं, तरी इथून समुद्राचा टिपूसही दिसत नाही. दूताला वाटावं, राज्य केवढं अफाट! कुणीतरी पिवळ्या पागोट्याचा माणूस उन्हातान्हात टेकाडं तुडवत ही जागा शोधत हिंडला असणार. मी तिथे पाऊण तास उभा होतो.

जावयांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बाबा, नुसती घरंच दिसतायत. समुद्र कुठाय?"