घरगुती इलेक्ट्रॉनिक सिंबल घेताय? त्याच्या पाठीवरही जोरात मारून बघा

जळगाव-धुळ्याकडे ऑर्केस्ट्रात नाहीतर बेंजो पार्टीत वाजवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक जण घरी बनवलेले इलेक्ट्रॉनिक सिंबल (ड्रमसेटची झांज) ‘दोन झोन, चोकसकट’, म्हणजे पाठ (वरचा रुंद भाग) आणि कड वेगवेगळी वाजणार आणि कड धरली की आवाज तुटणार, असं सांगून विकतो. माझ्याकडून जोडीचे 7,500 रुपये घेतले आणि आत निघाला एकच झोन. कंपनीचा माल परवडत नाही म्हणून आपल्यातले बरेच जण असं काही शोधत असतात, आणि हा माणूस नेमका त्यांनाच गाठतो. याची मला जास्त चीड येते.

फसवणूक कुठे होते ते समजून घ्या. सिंबलच्या पोटात पिझोची चकती असते. काठी बसली की ती थरथरते, बारीकसा व्होल्टेज तयार होतो आणि तारेने जोडलेला आवाजाचा डबा, म्हणजे मॉड्यूल, आवाज काढतं. कडेचं काम वेगळं. तिथे रबराखाली पातळ पट्टीचा स्विच असतो. तो दाबला की तारेच्या जॅकमधले रिंग आणि स्लीव्ह हे दोन संपर्क जोडले जातात. पिझो थरथरला आणि स्विचही दाबलेला असला, की मॉड्यूल मार कडेवरचा धरतं आणि क्रॅश, म्हणजे मोठा झणकार, वाजवतं. कड मुठीत धरली की आवाज तुटतो, तो चोक.

दाखवताना त्याने स्वतःचं मॉड्यूल लावलं. पाठीवर हळू मारलं, राइड, म्हणजे ठेक्याचा बारीक आवाज, वाजली. कडेवर जोरात मारलं, क्रॅश वाजला. चोकचं विचारलं तर म्हणाला, “ते तुमच्या मॉड्यूलवर सेट करावं लागतं. भाऊ, घरना माल शे, फिकर नको करू.” त्याच्या मॉड्यूलवर हळू माराला एक आवाज आणि जोराच्या माराला दुसरा, असं सेटिंग होतं. नंतर आमच्या मॉड्यूलवर तसंच लावून पाहिलं, हुबेहूब तेच वाजलं. त्या दिवशी पाठीवर जोरात मारलं असतं तरी क्रॅशच आला असता.

घरी कड वाजेना. फोन केला की एकच उत्तर, तुमचं ट्यूनिंग बरोबर नाही. थ्रेशोल्ड (किती हलका मार धरायचा ती मर्यादा) खाली आणा म्हणाला. तसं केलं तर स्टेजवर बेसच्या हादऱ्यानेच सिंबल वाजायला लागला. मास्क टाइम (एका मारानंतर दुसरा न धरण्याचा वेळ) कमी करा म्हणाला. मग एका माराला दोन-दोन आवाज. अहो, हे सगळे आकडे पिझोकडून आलेल्या सिग्नलसाठी असतात. जी तार जोडलेलीच नाही, ती सेटिंगने कशी जोडली जाणार? पण या घोळात उरलेले पैसेही त्याने काढून घेतले आणि मग फोन बंद.

मागचं झाकण उघडलं. जॅक स्टिरिओच (तीन संपर्कांचा) होता, पण रिंगेच्या पायाला सोल्डरचा ठिपकासुद्धा लागलेला नव्हता. कोरा, चकचकीत पाय. कडेच्या रबराखाली नुसता फोम. पिझो ग्लू गनने चिकटवलेले. आपल्याकडच्या मे महिन्यात सामान उघड्या टेम्पोत पडलं की काळं रबर असं तापतं की तो गोंद मऊ पडतो. दुसऱ्या सिंबलचा पिझो सुटून तारेला लोंबत होता.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा आपलंच मॉड्यूल न्या. पाठ आणि कड, दोन्हींवर सारख्याच जोराने मारा. आवाज वेगळा यायलाच हवा. आवाज चालू असताना कड धरून बघा. मल्टीमीटर बीपवर ठेवून रिंग आणि स्लीव्हला लावा आणि कड दाबा, बीप आला पाहिजे. जॅक स्टिरिओ आहे एवढ्यावर जाऊ नका. पैसे ऑनलाइन दिले असतील तर सायबर हेल्पलाइन 1930 वर तक्रार लवकर करा.

परवा अमळनेरच्या एका मित्राला नव्या नंबरवरून तसंच वाजवून दाखवणारा व्हिडिओ आला. त्याला म्हटलं, आधी पाठीवर जोरात मारून दाखवायला सांग. त्यानंतर तिकडून उत्तरच आलेलं नाही. ज्यांनी माल आधीच घेतलाय, त्यांनी झाकण उघडून रिंगेचा पाय बघावा. तो कोरा असेल तर पट्टीचा स्विच बसवून रिंग आणि स्लीव्हला दोन तारा जोडता येतात. माझा एक सिंबल तसाच चालू केलाय, चोकसुद्धा लागतो.