लाकडी रेषा: हाताने ओढायच्या की पाण्यातून उतरवायच्या?

१९३०-४० च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांचा ‘लाकडी’ डॅशबोर्ड मुळात पत्र्याचा. रेषा वर छापलेल्या. कोकणात त्या पुन्हा उठवताना पहिला शत्रू खारी हवा. पत्रा उघडा केला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारा, नाहीतर गंज रंगाखालून फुगतो.

हायड्रो डिपिंगमध्ये, म्हणजे पाण्यातून नक्षी उतरवताना, लाकडाची नक्षी छापलेली पातळ फिल्म सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यावर मिनिटभर भिजते, मग ॲक्टिव्हेटर (फिल्म विरघळवून शाई मोकळी करणारं द्रावण) फवारून भाग तिरका, सावकाश बुडवायचा. सपाट पट्ट्यांना झकास. खोल वळणावर मात्र नक्षी ताणते. पावसाळ्यात फिल्म ओल धरून गुंडाळते. सिलिका जेलसकट हवाबंद पिशवीत ठेवा. बुडवल्यावर भागावर उरलेला फिल्मचा बुळबुळीत थर नीट धुतला नाही तर क्लिअर कोट (शेवटचा पारदर्शक थर) सुटतो.

हाताने करायचं तर फिकट तपकिरी पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा बेस पूर्ण सुकवा, त्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तेलरंग पातळ लावून कोरड्या ब्रशने रेषा ओढा. चुकलं तर ओलं असतानाच टर्पेंटाइनने पुसा. ही सोय डिपिंगला नाही. पण तेलरंग सुकायला दिवस लागतात, जुलैत आणखी. घाईने क्लिअर मारला तर सुरकुत्या पडतात. गोलाईच्या डॅशबोर्डला आम्ही हाच मार्ग सुचवू, तोही दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.