घरी फोटोरेक की नागपूरच्या बर्डीवरचं दुकान?

डिलीट झालेले फोटो आणि टकटक वाजणारी हार्डडिस्क, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डातून फाइल नुसती उडाली असेल, तर घरीच फोटोरेक हे फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे. फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून ते ती उचलतं. फक्त मूळ नावं जातात, मग लग्नाचे फोटो एकेक उघडून निवडत बसा. सापडलेलं त्याच कार्डावर मात्र साठवू नका, उरलंसुरलंही जाईल.

डिस्क टकटक करत असेल तर सॉफ्टवेअरच्या नादी लागूच नका. आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, बिघडलेलं असू शकतं आणि दर वेळी चालू केली की डेटा असलेली प्लेट आणखी खरवडली जाते. बर्डीवर दुकानात न्या, पण आधी विचारा: डिस्क इथेच उघडणार का? पंख्याखाली टेबलावर उघडणार असतील तर उचला आणि निघा. नागपुरातली मे महिन्यातली धूळ सगळ्यांना ठाऊक आहे! धूळमुक्त खोली असलेल्या लॅबकडे पाठवणारा दुकानदार बरा, खर्च हजारोंत गेला तरी.

एसएसडीचं, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, दोन्हीकडे अवघड. ट्रिम, म्हणजे डिलीट केलेली जागा आपोआप साफ करणारी सोय, चालू असेल तर डिलीट केलेलं बहुतेकदा लॅबलाही मिळत नाही.