किड्यांचे जवळून फोटो: मॅक्रो लेन्स, ट्यूब की रेनॉक्स?

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर झटकू नका, जवळ जाऊन बघा. कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी अगदी तशीच दिसते. मी जरा जास्तच जवळ गेलो. लेन्सचं तोंड पानाला लागलं, अळीने डोक्यामागून मऊ शिंगं बाहेर काढली आणि एक उग्र दर्प सुटला.

माझ्याकडे होती 50 मिमी लेन्स आणि मागे एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्यांचा संच: 12, 20 आणि 36 मिमी, मिळून 68. 68 भागिले 50, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या सव्वापटीहून मोठी. ट्यूबमध्ये काच नसते, म्हणून त्या स्वस्त. पण किडा लेन्सपासून जेमतेम तीन बोटांवर येतो, वर उजेडही घटतो. मावा, खवले कीड असल्या बैठ्या मंडळींना हे चालतं. चतुर कशाला थांबतोय! घ्यायच्याच तर इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेल्या घ्या, नाहीतर बऱ्याच लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) बदलताच येत नाही.

100 मिमी मॅक्रो लेन्स 1:1 ला, म्हणजे प्रतिमा खऱ्या आकाराएवढी असताना, किड्यापासून साधारण 15 सेंमी अंतर देते. ऑटोफोकस, कडेपर्यंत रेखीव चित्र, सगळं आहे. किंमतही सगळ्यांत जास्त. छंद टिकेल याची खात्री नसेल तर थांबा, किंवा सेकंडहँड बघा.

घरात 55-250 मिमीसारखी झूम लेन्स पडून असेल तर मी रेनॉक्सच सांगेन. हे छोटं भिंग पुढे 52 ते 67 मिमी थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) असलेल्या लेन्सवर चिमट्यासारखं बसतं, उजेड खात नाही. सगळे त्यातलं डीसीआर-250 मॉडेल (8 डायॉप्टर, म्हणजे भिंगाची ताकद) घेतात. 250 मिमीला दुप्पट प्रतिमा मिळते हे खरं, पण नवख्याच्या हाती ती नुसती थरथरते. 4.8 डायॉप्टरची डीसीआर-150 घ्या. वीतभर लांबून फुलपाखरू आरामात मिळतं. फोकस रिंग फारशी कामाची नाही, अंगानेच मागेपुढे डोलावं लागतं. कोपरे थोडे मऊ येतात, पण तिथे असतं तरी काय, धूसर पानंच ना?

मात्र सगळे पैसे लेन्सवर उडवू नका. 1:1 ला एफ/11 वरही, म्हणजे ॲपर्चर बरंच लहान करूनही, जेमतेम मिलिमीटरभर भाग रेखीव येतो, त्यामुळे ॲपर्चर उघडायची सोय नाही आणि पावसाळी झाडीत फ्लॅश लागतोच. त्याच्यापुढे स्वयंपाकघरातला बटर पेपर लावा. नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग तेवढा दिसेल.